गाचा गेममधल्या एका सोडतीला नेमके किती पैसे पडतात?

किराणा दुकानात पूर्वी चिठ्ठ्यांचा एक पुठ्ठा टांगलेला असायचा. वर मोठं बक्षीस, घड्याळ किंवा बॅट, आणि खाली चिकटवलेल्या शेदोनशे चिठ्ठ्या. पैसे द्यायचे, चिठ्ठी फाडायची आणि बहुतेक वेळा गोळी घेऊन घरी जायचं. मोबाइलवरचे गाचा गेम याच जातीचे आहेत, फक्त एका बाबतीत ते जास्त कठोर आहेत. पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या संपत जातात, त्यामुळे घड्याळ अजून वर लटकत असेल तर प्रत्येक फाडलेल्या चिठ्ठीबरोबर ते लागण्याची शक्यता वाढते. गाचामध्ये फाडलेली चिठ्ठी लगेच परत चिकटवली जाते. शंभर वेळा फाडलीत तरी एकशेएकाव्या वेळी पुठ्ठा पहिल्यासारखाच भरलेला.

हा शब्द जपानी आहे. नाणं टाकून मूठ फिरवली की प्लॅस्टिकच्या गोळ्यात बंद खेळणं खाली पडतं, त्या यंत्राला तिथे गाचापॉन म्हणतात. मूठ फिरवल्याचा आवाज ‘गाचा’, गोळा पडल्याचा ‘पॉन’. मोबाइल गेमनी तीच पद्धत उचलली: हवं ते पात्र थेट विकत मिळत नाही, सोडत विकत मिळते.

उदाहरण म्हणून ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ घेऊ. शांघायच्या मिहोयो कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी आणलेला हा गेम आपल्याकडेही भरपूर खेळला जातो, आणि त्याचे बहुतेक आकडे गेममध्येच लिहिलेले आहेत. इथल्या एका सोडतीला ‘विश’ म्हणतात, खेळाडू ‘पुल’ही म्हणतात. पुढचा सगळा हिशेब एका नियमाने करायचा: समोर येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती इव्हेंटचं बक्षीस असो, पास असो की सवलत, विशमध्ये मोजायची. ‘८०% जादा’, ‘मर्यादित काळासाठी’ असल्या पाट्यांमागे काय दडलंय ते मग लगेच कळतं.

पैशांचं चार वेळा होणारं रूपांतर

एक विश म्हणजे १६० प्रायमोजेम, हे गेममधलं चलन. पण प्रायमोजेम थेट विकत मिळत नाहीत. पैसे देऊन जेनेसिस क्रिस्टल घ्यायचे, ते एकास एक दराने प्रायमोजेममध्ये बदलायचे, प्रायमोजेम देऊन ‘इंटरट्वाइन्ड फेट’, म्हणजे सोडतीचं तिकीट, घ्यायचा आणि तो फेट सोडतीत टाकायचा. क्रिस्टलचे प्रायमोजेम केले की पुन्हा क्रिस्टल होत नाहीत. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेल्या माणसाला आपण किती पैसे खर्च केले हे सहज आठवत नाही, आणि इतक्या पायऱ्या ठेवण्याचा परिणाम नेमका हाच होतो.

अमेरिकेतल्या दरांनी पॅक असे आहेत (कंसात पहिल्या खरेदीनंतरची नेहमीची जादा भर):

०.९९ डॉलर: ६० क्रिस्टल
४.९९ डॉलर: ३०० (+३०)
१४.९९ डॉलर: ९८० (+११०)
२९.९९ डॉलर: १९८० (+२६०)
४९.९९ डॉलर: ३२८० (+६००)
९९.९९ डॉलर: ६४८० (+१६००)

आता प्रत्येक पॅकला १६० ने भागून पाहा. सगळ्यात लहान पॅकमध्ये ६० क्रिस्टल, म्हणजे एकही विश होत नाही. पहिल्या खरेदीला दुप्पट मिळतात, तरी ते १२० होतात आणि विश तरीही होत नाही. ३३० मध्ये दोन विश होऊन १० उरतात, १०९० मध्ये सहा होऊन १३० उरतात, ३८८० मध्ये चोवीस होऊन ४०, आणि ८०८० मध्ये पन्नास होऊन ८०. फक्त २२४० चा पॅक काही न उरता भागला जातो: बरोबर चौदा विश. १३० उरले की ‘अजून ३० च तर हवेत’ असं वाटतं आणि हात पुन्हा दुकानाकडे वळतो. या ओढीवर एकच उपाय आहे: उरलेले प्रायमोजेम म्हणजे पुढच्या तीन दिवसांच्या रोजच्या कामांची कमाई, एवढंच धरून गप्प बसायचं.

एका विशचा दर काढला तर लहान पॅकमध्ये तो २.६४ डॉलर पडतो आणि सर्वांत मोठ्या पॅकमध्ये १.९८. म्हणजे शंभर डॉलर एकदम ओतले तरी सूट जेमतेम पाव. पहिल्या खरेदीच्या दुपटीत मोठ्या पॅकचा दर १.२३ वर येतो, पण ती दुप्पट प्रत्येक पॅकला एकदाच मिळते. वर्धापनदिनाच्या सुमारास ती पुन्हा सुरू झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मोठी खरेदी करायचीच ठरवली असेल तर सप्टेंबरपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे.

आता याच्या शेजारी ‘वेल्किन मून’ ठेवा. ४.९९ डॉलर दिले की ३०० क्रिस्टल लगेच आणि पुढचे ३० दिवस रोज ९० प्रायमोजेम. एकूण ३०००, म्हणजे पावणेएकोणीस विश, दर २७ सेंट. त्याच ४.९९ च्या क्रिस्टल पॅकमध्ये दोन विश येतात. एकाच दुकानात, एकाच किमतीत नऊपट फरक. हा फरक दयेपोटी दिलेला नाही. रोजचे ९० त्या दिवशी गेम उघडला तरच मिळतात, चुकवलेल्या दिवसाचे बुडतात. कंपनी इथे पैशांपेक्षा तुमची रोजची हजेरी विकत घेत असते. जो रोज खेळतोच त्याच्यासाठी हा गेममधला सर्वांत स्वस्त सौदा. ज्याची परीक्षा तोंडावर आहे किंवा जो दोन आठवडे गावी जाणार आहे, त्याने तो परत आल्यावर घ्यावा.

भारतातल्या प्ले स्टोअरवर किमती रुपयांत दिसतात आणि अधूनमधून बदलतात, म्हणून वरचे दर नुसते रुपयांत गुणू नका. दुकानात दिसणारा रुपयांचा आकडा घ्या, मिळणाऱ्या एकूण क्रिस्टलनी भागा, १६० ने गुणा. तो तुमचा एका विशचा दर. कागदावर लिहून ठेवा.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या गेमच्या तिथल्या प्रकाशक कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. आयोगाच्या तक्रारीत मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या आरोपाइतकाच भर या गुंतागुंतीच्या चलनांवर होता. तडजोडीत ठरलं की १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, चलनांचा विनिमय दर उघड करायचा आणि सोडत थेट खऱ्या पैशात घेण्याचीही सोय ठेवायची. म्हणजे वर आपण कागदावर केलेला भागाकार तिथे कंपनीनेच करून दाखवायचा आहे.

०.६% आणि ‘पिटी’

पात्रांच्या बॅनरवर, म्हणजे ठरावीक दिवस चालणाऱ्या सोडतीत, पंचतारांकित (सर्वांत दुर्मिळ) पात्र लागण्याची मूळ शक्यता दर विशला ०.६% आहे. शिवाय गेम १.६% असा दुसराही आकडा दाखवतो आणि इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. १.६% म्हणजे हमी धरून आलेली सरासरी, दर ६२-६३ विशमागे एक. सुरुवातीच्या एखाद्या विशमध्ये तुमची शक्यता ०.६% च असते.

ती हमी म्हणजे ‘पिटी’. ८९ विशमध्ये काहीच लागलं नाही तर ९० वी विश पंचतारांकित निघतेच. शिवाय खेळाडूंनी लाखो नोंदी गोळा करून काढलेला निष्कर्ष असा की ७४ व्या विशपासून शक्यता दर विशला सुमारे ६ टक्क्यांनी चढत जाते. याला ‘सॉफ्ट पिटी’ म्हणतात. ०.६% धरून ७३ विश केल्या तर काहीच न लागण्याची शक्यता ६४% येते. थोडक्यात, दर तीनातले जवळपास दोन जण ७४ पर्यंत पोचतातच. ‘माझंच नशीब फुटकं’ म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं: ७५ च्या आसपास लागणं ही या यंत्राची नेहमीची चाल आहे, नशीब वाईट असल्याची खूण नव्हे.

पंचतारांकित पात्र लागलं तरी ते बॅनरवरचंच असेल असं नाही. सुरुवातीपासून हा निम्मानिम्म जुगार होता: हरलात तर कायमच्या यादीतलं एखादं जुनं पात्र, पण मग पुढचं पंचतारांकित नक्की बॅनरवरचं. ऑगस्ट २०२४ मधल्या ५.० आवृत्तीपासून जिंकण्याची एकत्रित शक्यता ५५% झाली. त्यावरून एका हव्या पात्राला सरासरी ९० च्या थोड्या वर विश लागतात, सुमारे १४,५०० प्रायमोजेम. आणि सर्वांत वाईट स्थितीत १८० विश, म्हणजे २८,८००. हे सगळं नेहमीच्या दराच्या पॅकमधून घ्यायचं तर ३६० डॉलरच्या घरात जातं. एका पात्रासाठी. हा आकडा दुकानाच्या पानावर कुठेही लिहिलेला नसतो, तो आपणच काढावा लागतो, आणि पहिला रुपया भरण्याआधी काढावा.

पिटीची मोजणी, म्हणजे शेवटच्या पंचतारांकितानंतर झालेल्या विशचा आकडा, आणि हरल्यानंतरची हमी, दोन्ही पुढच्या पात्र-बॅनरवर जशीच्या तशी जातात. बॅनर संपला म्हणून केलेल्या विश वाया जात नाहीत, त्यामुळे ‘शेवटचा दिवस आहे, आत्ताच संपवू’ ही घाई निराधार आहे. शस्त्रांच्या बॅनरचं गणित मात्र वेगळं. तिथे हमी ८० वर आहे आणि मोजणीही स्वतंत्र, पण हवं ते शस्त्र निवडून जमवलेला ‘फेट पॉइंट’ बॅनर संपताच शून्यावर जातो. तिथे अर्ध्यात थांबणं खरंच महाग पडतं. पूर्ण रक्कम गाठीशी नसेल तर शस्त्रांच्या बॅनरला हात लावू नये, हे आमचं स्पष्ट मत.

टक्केवारी आज पडद्यावर दिसते ती सरकारी दट्ट्यामुळे आणि जनक्षोभामुळे. जपानमध्ये २०१२ साली ‘कम्प्लीट गाचा’, म्हणजे सोडतीतून पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस देण्याची पद्धत, ग्राहक व्यवहार संस्थेने बेकायदा ठरवली. चीनमध्ये १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं झालं, दक्षिण कोरियात तसा कायदा २२ मार्च २०२४ पासून लागू आहे. २०१६ च्या सुरुवातीला जपानच्या ‘ग्रानब्लू फँटसी’मध्ये एका खेळाडूने थेट प्रक्षेपणात एकाच पात्रासाठी सुमारे ७ लाख येन घालवले. त्यानंतर उसळलेल्या संतापामुळे त्या गेममध्ये ३०० सोडतींनंतर हवं ते पात्र निवडण्याची सोय आली. पिटीच्या आजच्या पद्धतींची पाळंमुळं त्या काळात आहेत.

इव्हेंटमधून किती मिळतं

गेन्शिनची एक आवृत्ती साधारण ४२ दिवसांची असते. त्यात एक मोठा इव्हेंट आणि तीन-चार लहान. लहान इव्हेंट पूर्ण केला की बहुधा ४२० प्रायमोजेम, मोठ्यातून हजाराच्या आसपास. रोजच्या चार कामांचे ४० आणि ती पूर्ण केल्याचे २०, असे दिवसाला ६०, म्हणजे ४२ दिवसांत २५२०. नव्या आवृत्तीच्या दिवशी देखभाल आणि दुरुस्तीची भरपाई ६००. आगाऊ घोषणेच्या प्रक्षेपणात दाखवलेल्या तीन कोडचे ३००. ही कोड लवकरच मरतात, म्हणून दिसल्या क्षणी टाकावीत. तीन लहान इव्हेंट धरले तर बेरीज ५६०० च्या पुढे जाते: फुकटात ३५ विश. ‘स्पायरल अबिस’सारखी अवघड आव्हानं जमली तर त्यावर आणखी.

या बेरजेत एक गोष्ट उठून दिसते. जवळपास निम्मा वाटा रोजच्या साध्या कामांचा आहे, झगमगत्या इव्हेंटचा त्याहून कमी. एखादा लहान इव्हेंट बुडाला तर अडीच विश गेल्या. त्यासाठी रात्री जागायची गरज नाही.

इव्हेंटची रचना बहुधा सारखीच असते. टप्पे रोज एकेक उघडतात, खेळून इव्हेंटचं स्वतंत्र चलन मिळतं आणि ते इव्हेंटच्या दुकानात खर्चायचं. दुकानात चुकीच्या क्रमाने खरेदी करणं ही नेहमीची चूक. प्रायमोजेम आधी. मग ‘क्राउन ऑफ इनसाइट’ असेल तर तो, कारण कौशल्य नवव्या पातळीवरून दहाव्यावर न्यायला तोच लागतो आणि रोजच्या मेहनतीने मिळत नाही. मग इव्हेंटच्या फुकट शस्त्राची सुधारणा-सामग्री, कारण तीही पुन्हा सहसा मिळत नाही. मोरा (गेममधली साधी नाणी) आणि अनुभवाची पुस्तकं सगळ्यात शेवटी. ती कधीही जमवता येतात. काही जण पहिल्या दिवशी मोऱ्याच्या थप्प्या उचलतात आणि शेवटी मुकुटाला चलन कमी पडतं.

दुसरा अडथळा सुरुवातीलाच येतो: बऱ्याच इव्हेंटना ठरावीक ॲडव्हेंचर रँक, म्हणजे खेळाडूची पातळी, लागते, काहींना कथेचा अमुक भाग पूर्ण केलेला लागतो. नव्या खेळाडूने इव्हेंट सुरू होताच अट वाचावी. तीन दिवस उरल्यावर वाचली तर कथा संपवायला वेळ पुरत नाही.

जपानी ‘फेट/ग्रँड ऑर्डर’सारख्या गेममध्ये इव्हेंटची आणखी एक जात आहे, मर्यादित चिठ्ठ्यांच्या पेटीची. तिथे पेटीतल्या वस्तू खरोखर संपत जातात. आपल्या किराणा दुकानातल्या पुठ्ठ्यासारखीच, म्हणून पेटी रिकामी करेपर्यंत काय लागेल हे आधीच मोजता येतं.

घड्याळाची चूक

आपल्याकडचे बहुतेक खेळाडू आशिया सर्व्हरवर असतात. तिथला दिवस सर्व्हरच्या पहाटे ४ ला बदलतो. भारतात तेव्हा रात्रीचा १.३० वाजलेला असतो. इव्हेंट ‘१० तारखेला ३.५९ पर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर तो आपल्याकडे ९ तारखेच्या रात्री जेवण आटोपल्यावर काही तासांत संपतो. १० च्या संध्याकाळी उघडलात तर दुकान बंद आणि हातातलं इव्हेंटचं चलन मातीमोल. आवृत्तीच्या पहिल्या टप्प्यातला बॅनर सर्व्हरच्या १७.५९ ला बंद होतो, म्हणजे आपल्या दुपारी ३.२९ ला, आणि दुसऱ्या टप्प्यातला १४.५९ ला, म्हणजे आपल्या दुपारी १२.२९ ला; ऑफिस सुटल्यावर करू म्हणून ठेवलेली विश राहून जाते. युरोप सर्व्हरचा दिवस भारतीय वेळेनुसार सकाळी ८.३० ला बदलतो, अमेरिकेचा दुपारी २.३० ला. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये शिकायला गेलेल्या भावंडांबरोबर एकत्र खेळायचं असेल तर सर्व्हर सुरुवातीलाच सारखा निवडावा लागतो, कारण जमवलेलं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येत नाही.

पास, आणि पैसे अडकण्याच्या जागा

‘बॅटल पास’मध्ये खेळून गुण जमवत पातळ्या चढायच्या आणि त्यांची बक्षिसं घ्यायची; त्याचा पैशांचा भाग ९.९९ डॉलरला मिळतो. पातळ्या ५०, प्रत्येकीला १००० गुण, आठवड्याला जास्तीत जास्त १०,००० गुण. म्हणजे पाच भरलेले आठवडे लागतात आणि आवृत्ती सहा आठवड्यांची. एकच आठवडा सुटी. पास शेवटच्या दिवसांत घेतला तरी तोवर गाठलेल्या सगळ्या पातळ्यांची बक्षिसं मिळतात, त्यामुळे तो सुरुवातीला घेण्यात काहीच फायदा नाही. पन्नासावी पातळी गाठा, मगच ठरवा. त्यापेक्षा महाग, १९.९९ चा प्रकार मुख्यतः दहा पातळ्या विकतो. वेळेवर खेळणाऱ्याला तो नको.

रेझिन, म्हणजे लढाईनंतरची बक्षिसं उचलायला लागणारी ताकद, दर ८ मिनिटांना एक अशी भरते आणि २०० ला थांबते, म्हणजे २६ तास ४० मिनिटांत. प्रायमोजेम देऊन ती लगेच भरता येते: पहिल्यांदा ६० रेझिनला ५० प्रायमोजेम, मग १००, १००, १५०, २००, २००. हव्या पात्रासाठी साठवत असाल तर पहिलं ५० चं भरणंही टाळा; त्यात विशचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. उलट विश करताना मिळणारी स्टारडस्ट विसरू नका. प्रत्येक त्रितारांकित शस्त्रामागे १५ मिळते आणि गेममधल्या दुकानात महिन्याला पाच इंटरट्वाइन्ड फेट ७५ ला एक या भावाने असतात. दर एक तारखेला तेवढे आधी उचलावेत.

बाहेरून ‘स्वस्तात क्रिस्टल’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांचा माल अनेकदा दुसऱ्याच्या कार्डावरून किंवा नंतर परत मागितलेल्या पैशांतून आलेला असतो. मूळ पैसे देणाऱ्याने ते परत घेतले की तुमच्या खात्यातले क्रिस्टल उणे होतात, आणि ते भरेपर्यंत खात्यावर बंधनं येतात. मुलाने चुकून केलेल्या खरेदीचा परतावा मागतानाही हेच घडू शकतं. मुलांच्या हातात फोन असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय चालू करा, मासिक खर्चाची मर्यादा ठेवा आणि यूपीआयचा पिन मुलाला माहीत नसू दे.

एक गणित सोडवून

समजा, हव्या पात्राचा बॅनर पाच दिवसांत संपतोय. तुमची मोजणी ४८ वर आहे, मागचं पंचतारांकित बॅनरवरचंच लागलं होतं, म्हणजे हमी नाही. साठा ४८०० प्रायमोजेम, तीस विश. तीसही केल्यात तर मोजणी ७८ वर जाईल. ४९ ते ७३ या पंचवीस विश ०.६% च्या, पुढच्या पाच चढत्या शक्यतेच्या. सॉफ्ट पिटीचा वरचा अंदाज धरला तर पंचतारांकित लागण्याची शक्यता सुमारे ७०%, आणि ते बॅनरवरचं असण्याची ७० च्या ५५%, म्हणजे ३८.५%.

पाच दिवसांत रोजच्या कामांचे ३०० येतील, आणखी दोन विश जवळपास होतील. एखादा लहान इव्हेंट बाकी असेल तर त्याच्या ४२० चे अजून अडीच. मोजणी ८२-८३ वर पोचते आणि पंचतारांकित लागणं जवळजवळ नक्की होतं, तरी हवं पात्र लागण्याची शक्यता ५५% च्या वर जात नाही. पैसे भरून ९० पर्यंत पोचलात तरी छत तेच. त्यापुढची पायरी म्हणजे हरल्यानंतरच्या नव्वद विश, १४,४०० प्रायमोजेम, नेहमीच्या दराने पावणेदोनशे डॉलरच्या वर. तेव्हा या पाच दिवसांत कामं आणि इव्हेंट संपवा, शेवटच्या दिवशी बॅनर बंद होण्याआधी जमलेल्या विश करा. हरलात तर मिळालेली हमी पुढे जाते, आणि हे पात्र पुन्हा बॅनरवर येईल तेव्हा तुम्हाला जास्तीत जास्त नव्वद विश लागतील. फुकटच्या पस्तीसच्या वेगाने ते तीन आवृत्त्यांचं काम आहे.